विहिरीकडे पाठ करून

आमच्या वाडीत पस्तिशी ओलांडलेल्या कुणाही माणसाला विचारा, पोहायला कुठं शिकलात, तर उत्तर एकच येतं. तात्यांच्या विहिरीवर. तात्या म्हणजे रंगनाथ दरेकर. काष्टीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर वाडी मागं पडली की अर्ध्या मैलावर त्यांचा मळा लागायचा. तीन एकर काळी जमीन, मधल्या बांधावर चार कडुलिंबाची झाडं आणि त्यांच्या शेजारी ती विहीर. दगडी बांधकामाची, चांगली रुंद, एका अंगानं आत उतरायला पायऱ्या. कालव्याला पाळीचं पाणी, म्हणजे आवर्तन, सुटलं की तिला पाझर फुटायचे आणि पाणी वरून सातव्या पायरीला टेकायचं.

तात्या दुसरीपर्यंत शिकलेले. उंची बेताची, अंग काटक, पिंढऱ्या मात्र दगडासारख्या. पहाटे उठून मळ्यात चालत जायचं, विहिरीत दोन फेऱ्या मारायच्या, मग दूध काढायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. थंडीतही त्यात खंड नसे. कुणी त्याला व्यायाम म्हटलं तर त्यांना हसू यायचं. म्हणायचे, "पान्यात उतरल्याबिगर मला भूकच लागत न्हाई, त्याला काय करू?"

मी पंकजा. याच वाडीची लेक आणि याच वाडीची सून. मामाच्या घरात दिल्यामुळं माझ्या माहेर-सासरात फक्त दोन गल्ल्या आहेत. गेली पंधरा वर्षं मी इथंच आशा सेविकेचं काम करते. तात्यांबद्दल लिहायचं ते मला फार आधीपासून सुरू करावं लागेल, मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून.

त्या वेळी वार्षिक परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी वाडीतली सगळी पोरं मळ्याच्या वाटेला लागायची. सायकलवर यायला तात्यांची बंदी होती. चालतच यायचं आणि चालतच जायचं. कुंपणावर कडू भोपळ्याचा वेल असायचा. त्याचे भोपळे तात्या वेलावरच वाळू द्यायचे, आतलं बी खुळखुळायला लागलं की तोडायचे आणि गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवायचे. नव्या पोराच्या पाठीला असे दोन भोपळे बांधले जायचे. आठ दिवसांनी एक. तिसऱ्या आठवड्यात तात्या सुतळी मुद्दाम सैल बांधत. पोरगं पाय मारत विहिरीच्या मध्यावर पोचलं की भोपळा सुटून बाजूला तरंगायला लागे आणि पोराला त्याचा पत्ताही नसे. काठावरची पोरं ओरडायला लागली की मग ते मागं वळून बघायचं, घाबरायचं, दोन घोट पाणी प्यायचं आणि तसंच पोहत पायरीला यायचं. तात्या तोवर खालच्या पायरीवर कंबरभर पाण्यात उभे असत. हात पुढं केलेला असे, पण धरत नसत.

त्यांचे नियम थोडेच होते. जेवून पाण्यात उतरायचं नाही. एकट्यानं तर मुळीच उतरायचं नाही. बाहेर आल्यावर चारी लिंबांना पळत पाच वेढे घालायचे, म्हणजे अंगात ऊब येते. त्यानंतर गोजरकाकू, म्हणजे तात्यांच्या घरच्या, गोठ्याच्या दारात बसून प्रत्येकाच्या ओंजळीत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा टाकत. घरी येईपर्यंत पोटात आग पडलेली असे. शिळी बाजरीची भाकरी आणि ठेचा असला तरी आम्ही चवड संपवायचो. तसली भूक मला नंतर आयुष्यात पुन्हा लागली नाही असं वाटायचं.

शिकवण्याचे पैसे तात्यांनी कुणाकडून घेतले नाहीत. कुणी दिवाळीला फराळाचं ताट पाठवलं तर ते घेत.

पाचवीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मी एका भोपळ्यावर आले होते. मुलींमध्ये मी एकटीच तिथवर पोचलेली, बाकीच्या पहिल्याच आठवड्यात गळाल्या होत्या. एका दुपारी ओल्या केसांनी घरी आले तर आईनं टॉवेल हातात देत शांतपणे सांगितलं की उद्यापासून जायचं नाही, मी आता मोठी झाले. मी रडले, रुसले, जेवले नाही. कशाचाच उपयोग झाला नाही.

चार दिवस मी दिसले नाही म्हणून तात्या संध्याकाळी आमच्या घरी आले. ओट्यावर बसले. वडिलांशी पाटपाण्याच्या पाळीचं बोलले, उसाचं बोलले. चहा आला तेव्हा म्हणाले, "अजून आठ दिवस येऊ द्या तिला. भोपळा सुटंल तिचा."

वडील त्यांचा मान राखून बोलायचे. त्यांनी सांगितलं की तुमच्यावर भरवसा आहे, पण पोरीची जात, लोक नावं ठेवतात. तात्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि निघून गेले. मी दाराआड उभी होते. ते जाताना दाराकडं बघून थांबले होते, एवढं मला आठवतं. तो उन्हाळा मी ओट्यावर बसून, मळ्यातून परतणाऱ्या पोरांची ओली डोकी मोजत काढला.

मग वर्षं गेली ती कशी गेली ते सांगणं अवघड आहे. माझं लग्न झालं. कल्याण, माझे मालक, टेम्पो चालवायला लागले. मला दोन मुलं झाली. वाडीत ऊस वाढला तसा पैसा आला आणि पैशाबरोबर दारोदार मोटरसायकल आली. पूर्वी बायका जळण, पाणी, दळण, खुरपणी यांत दिवसाला तीन-चार कोस सहज चालायच्या, आता नळ अंगणात आला आणि चक्की कोपऱ्यावर. त्याचं वाईट वाटून घ्यावं असं मी म्हणणार नाही. डोक्यावरचे हंडे उतरले त्याचा आनंद मला माझ्या मानेला विचारून सांगता येईल. पण संध्याकाळी मारुतीपुढं आट्यापाट्या रंगायच्या, पंचमीला फुगड्यांनी अंगण दणाणायचं, सगळ्या आळीच्या बायका एकत्र नाचायच्या, तेही नकळत गेलं. पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जायला लागली. तात्यांच्या विहिरीवर येणारी पोरं तीसवरून दहावर आली, दहावरून तीनवर. तात्या तरी वेल चढवत राहिले.

आणि एका मे महिन्यात शेजारच्या गावात एक मुलगा शेततळ्यात बुडाला. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या निसरड्या कागदावरून त्याला वर चढता आलं नाही. त्या बातमीनं सगळा भाग हादरला. ज्यांच्या विहिरी रस्त्याकडेला आहेत त्यांनी त्या झाकून घ्याव्यात असं गावोगाव ठरायला लागलं. तात्यांचा मुलगा हनुमंत स्वतः त्या विहिरीत पोहायला शिकलेला, पण त्यालाच सगळ्यात जास्त धास्ती बसली. त्यानं श्रीगोंद्याहून लोखंडी जाळी बनवून आणली आणि विहिरीच्या तोंडावर बसवली. तात्या जवळ उभे राहून बघत होते. वेल्डिंगवाल्याला त्यांनीच पाणी दिलं.

त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत तात्या जेवढे म्हातारे झाले तेवढे आधीच्या वीस वर्षांत झाले नव्हते. मळ्यात जायचे, पण जाळीपाशी थोडं बसून परत यायचे. गुडघे धरले. पोट सुटलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, असं व्हायचंच, असं घरचे म्हणायचे. मी एकदा घरोघरच्या तपासणीत त्यांची शुगर बघितली तर ती वाढलेली निघाली. मी आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "चाळीस वर्षं रोज घाम काढला. आता अंगाला कळंना झालंय की काय करायचं."

ती तपासणी मला अजून आठवते, कारण तिच्यामुळंच पुढचं सगळं घडलं. तिशीच्या वरच्या प्रत्येक माणसाचं वजन, बीपी आणि शुगर बघून फॉर्म भरायचा होता. आमच्या वाडीत त्यांत अठ्ठावन्न बायका निघाल्या आणि त्यांतल्या एकवीस जणींना काही ना काही होतं. या सगळ्या माझ्याबरोबर वाढलेल्या, माझ्या बरोबरीनं ऊस खुरपलेल्या. तात्यांची सून राजेश्वरी, हनुमंतची बायको, त्यांत सगळ्यात पुढं. वय बेचाळीस, वजन ब्याऐंशी किलो, शुगर वाढलेली आणि गुडघे इतके दुखरे की खाली बसली की उठताना भिंत धरावी लागायची.

मी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण माणसाशी बोलायच्या. गोळ्या लिहून दिल्यावर त्यांनी सांगितलं की अंगाची हालचाल हवी, रोज पाऊण तास चाला. राजेश्वरी म्हणाली की चाललं की गुडघा सुजतो. मॅडम मग म्हणाल्या, "अशा गुडघ्यांना पोहणं सगळ्यात चांगलं. पाण्यात वजन जाणवत नाही. पण इथं तुम्ही कुठं पोहणार?"

आम्ही दोघी हसलो. बाहेर येऊन गाडीची वाट बघत उभ्या राहिलो आणि हळूहळू दोघींचंही हसू थांबलं. राजेश्वरी म्हणाली की बावीस वर्षं झाली, मी त्या विहिरीच्या पाण्यावर नांदते, पण पायाचा अंगठा कधी बुडवला नाही. मी तिला माझ्या एका भोपळ्याची गोष्ट सांगितली. तिला ती ठाऊक नव्हती.

सासऱ्याला हे कसं विचारायचं हा तिच्यापुढं मोठा प्रश्न. तिनं सासूला सांगितलं. गोजरकाकूंनी दोन दिवस मनात ठेवून तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना विषय काढला. तात्यांनी घास खाली ठेवला, मग पुन्हा उचलला आणि जेवण संपवून उठले. राजेश्वरीला वाटलं, झालं, आता सासरे नाराज झाले. तिनं मला फोन करून सांगितलं की विषय संपला.

पण दोन दिवसांनी सकाळी तात्या माझ्या दारात आले. मी अंगणात रजिस्टर घेऊन बसले होते. काठी टेकवून ते समोरच्या बाजेवर बसले आणि मी कधी न ऐकलेली गोष्ट त्यांनी मला सांगितली.

तात्यांना एक मोठी बहीण होती, बनुबाई. तिचं नुकतं लग्न झालं होतं, पंचमीला माहेरी आली होती. तेव्हा विहिरीला कठडा नव्हता. कळशी शेंदताना तिचा पाय घसरला. तात्या बारा वर्षांचे, तिथंच काठावर दावं वळत बसले होते. त्यांनी दावं खाली टाकलं, ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. ओरडले. रानातून माणसं आली तोवर उशीर झाला होता, आणि आलेल्या पाच माणसांत पोहता येणारं एकही नव्हतं.

"तिला पोहता येत नव्हतं, मला बी येत नव्हतं," तात्या म्हणाले. "पुढल्या उन्हाळ्यात भीमेच्या पात्रात जाऊन मी शिकलो. मग ठरवलं, वाडीतलं एक पोर बिगर पोहायचं ठेवायचं न्हाई. पन शिकवलं कुनाला? पोरांनाच. बुडाली हुती ती बाई. त्या दिवशी तुमच्या ओट्यावरून मी चहा पिऊन उठलो, ते उठायला नको हुतं."

मी उठून चहा टाकला. ते म्हणाले, बिनसाखरेचा कर.

हनुमंतला तयार करणं हे खरं कठीण काम होतं. त्यानं सरळ सांगितलं की काही कमी-जास्त झालं तर गाव मला धरेल, तुम्हाला नाही. त्याचं चूक नव्हतं. तात्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी एकेक गोष्ट त्याच्यापुढं ठेवली. जाळी तशीच राहील, फक्त पायऱ्यांच्या बाजूचा तुकडा बिजागरीवर उघडेल आणि त्याला कुलूप असेल. किल्ली गोजरकाकूंच्या कमरेला. विहिरीत आडवा दोर बांधायचा, तो सोडून मधे कुणी जायचं नाही. हनुमंतची मुलगी दिशा पोलीस भरतीची तयारी करत होती, लहानपणी आजोबांकडून शिकलेली, ती कायम पाण्यात राहील. मी मॅडमना विचारून आले. ज्यांचं बीपी आटोक्यात नाही त्यांनी ते आधी आटोक्यात आणायचं, असं त्यांनी बजावलं, त्यामुळं पहिल्या यादीतल्या तीन नावांवर मला काट मारावी लागली. शेवटी हनुमंत म्हणाला की बायकांना शिकवणार कोण, तात्या? तुम्ही काठावर उभं राहिल्यावर एक तरी उतरेल का?

तात्यांनी त्याचाही विचार केला होता. म्हणाले, "मी लिंबाखाली बसंन. हिरीकडं पाठ करून."

आम्हाला वाटलं ते चेष्टा करतायत. न बघता पोहायला कसं शिकवणार? पण ते खरोखर तसंच बसले. जूनचा पहिला आठवडा होता, आवर्तन नुकतंच येऊन गेलेलं. दुपारी तीनची वेळ ठरली, कारण तेव्हा गडीमाणसं रानात नसतात. आम्ही सात जणी चालत मळ्यात गेलो. कुणी मुलीची सलवार घातलेली, कुणी जुन्या साडीला गाठी मारलेल्या. सगळ्यांच्या पाठीला भोपळे पुरले नाहीत म्हणून हनुमंतनं ट्रॅक्टरच्या ट्यूबा हवा भरून आणून ठेवल्या आणि तो स्वतः वाडीकडं निघून गेला. तात्या लिंबाच्या बुंध्याशी पाठमोरे बसले, तोंड रस्त्याकडं. रस्त्यावरून कुणी येतंय का तेही त्यांना दिसत होतं.

पहिला अर्धा तास आम्ही सातव्या पायरीवर एकमेकींचे हात धरून नुसत्या किंचाळत होतो. पाणी गार होतं आणि चाळिशीतल्या बायकांची भीती लहान पोरांच्या भीतीपेक्षा चिवट असते. दिशा बिचारी समजावून थकली. तेवढ्यात गोजरकाकू गोठ्यातून आल्या. वय सत्तर. नऊवारीचा कासोटा त्यांनी घट्ट ओढला, पदर कमरेला खोचला, किल्ली काढून दिशाच्या हातात दिली आणि आमच्यामधून वाट काढत पायऱ्या उतरल्या. आम्हाला वाटलं पाय धुवायला आल्या असतील. त्या सरळ पाण्यात गेल्या आणि हात मारत दोरापर्यंत पोहून, वळून परत आल्या. पाण्याचा फारसा आवाजसुद्धा झाला नाही.

राजेश्वरीचं तोंड उघडं राहिलं.

वरून, लिंबाखालून, तात्यांचा आवाज आला. "ही गोजर हाय."

त्यांनी मान वळवली नव्हती. हातांच्या आवाजावरून ओळखलं होतं. आणि आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आम्ही काकूंचं नाव ऐकलं. तोवर ते 'अगं', 'ऐकलं का' असंच म्हणायचे.

काकू पायरीवर बसून पदर पिळत होत्या. राजेश्वरीनं विचारलं की आत्या, तुम्हाला कधीपासून येतं? काकूंनी सांगितलं ते असं. लग्न होऊन त्या या घरात आल्या त्याच उन्हाळ्यात, दुपारी सगळी माणसं वामकुक्षी घेत असताना, तात्या त्यांना मळ्यात वैरणीला म्हणून घेऊन यायचे आणि पोहायला शिकवायचे. सासूला कळलं नाही, दिराला कळलं नाही, पोरांनाही कधी सांगितलं नाही. चौपन्न वर्षं. मधली कितीतरी वर्षं त्या पाण्यात उतरल्याच नव्हत्या. "इसरंन म्हनलं हुतं," काकू म्हणाल्या, "पन हात इसरले न्हाईत."

त्यानंतर आमच्या भीतीला तिथं थांबायला जागाच उरली नाही. सत्तर वर्षांची बाई पोहून आल्यावर आम्ही कुठल्या तोंडानं किंचाळणार?

तात्यांचं शिकवणं बघण्यासारखं, म्हणजे ऐकण्यासारखं होतं. पाय पाण्यावर आपटले की फटाफट आवाज येतो, तो त्यांना चालायचा नाही. पाण्याच्या आत पाय मारले की खोल, दबका आवाज येतो, तो आला की ते म्हणायचे, "आत्ता बराबर." कोण दमली, कोण नाकातोंडात पाणी घेतेय, कोण दोर धरून नुसती गप्पा मारतेय, सगळं त्यांना पाठमोरं बसून कळायचं. कुणाला नावानं ओरडत नसत. "कडंची," म्हणायचे, "मान वर काढू नगा, पाय बुडत्यात." पुरुषाची नजर नाही म्हटल्यावर बायका मोकळ्या झाल्या. इतक्या वर्षांत मोठ्यानं हसायची जागाच राहिली नव्हती, ती सापडली. बाहेर आल्यावर चारी लिंबांना वेढे घालायचे तेही तात्यांनी सोडलं नाही. पळता येत नसेल तर चाला म्हणाले. शेंगदाणे मिळायचे, गूळ मात्र राजेश्वरीच्या आणि माझ्या यादीतल्या इतर शुगरवाल्यांच्या ओंजळीत पडायचा नाही.

वाडीत बोललं गेलंच. पारावर दोघा-तिघांनी हनुमंतला टोमणे मारले. एका म्हाताऱ्यानं तात्यांना तोंडावर विचारलं की या वयात हे काय चालवलंय. तात्या त्याला म्हणाले, तुझ्या सुनेला बी ये म्हन. आषाढात ती सून खरंच आली. श्रावणापर्यंत आम्ही सोळा झालो आणि पाळ्या लावाव्या लागल्या. पंचमीच्या दिवशी पोहणं झाल्यावर ओल्या अंगानं लिंबाखाली फुगड्या घातल्या. मी तर गरगरून खाली बसले.

माझा भोपळा सुटला तो भाद्रपदात. दिशानं सुतळी सैल बांधली होती की आपोआप सुटली ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. मी दोराला हात लावून वळले तर तो माझ्या बाजूनं तरंगत चालला होता. मी त्रेचाळीस वर्षांची होते. पायरीवर येऊन मी वरती हाक मारली की तात्या, सुटला. ते मग म्हणाले, "तुझा बाप असता तर त्याला चहाला बोलवला असता." त्या रात्री मी तीन भाकरी खाल्ल्या. कल्याण बघत राहिले.

दिवाळीनंतर मी राजेश्वरीला पुन्हा केंद्रात नेलं. वजन सात किलोंनी उतरलं होतं. शुगर अगदी जागेवर आली नव्हती, पण मॅडमनी एक गोळी अर्धी केली. भिंत न धरता ती स्टुलावरून उठली ते मॅडमच्या आधी मला दिसलं. सगळ्यांचंच असं झालं नाही. दोघी-तिघी कंटाळून सोडून गेल्या, एकीला कानाचा त्रास झाला. तात्या स्वतः मात्र पहाटेच्या दोन फेऱ्या पुन्हा मारायला लागले. आता एकटे उतरायचे नाहीत, हनुमंतला उठवून बरोबर न्यायचे. हनुमंत कुरकुरायचा, पण जायचा. बापलेक इतक्या वर्षांनी रोज अर्धा तास एका ठिकाणी असायचे. काय बोलायचे ते त्यांनाच ठाऊक.

अशी दोन वर्षं मिळाली. मागच्या पौषात तात्या गेले. आदल्या दिवशी मळ्यात जाऊन आले होते, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. शहात्तर वर्षांचं वय. दहाव्याला इतकी माणसं जमली की पार घोडेगावपर्यंतच्या गावांतल्या गाड्या रस्त्याला उभ्या होत्या. पुण्यात नोकरी करणारे, सैन्यात गेलेले, एकेकाळी सैल सुतळीनं फसलेले सगळे पुरुष आलेले. ते आपापसात त्यांच्या वेळच्या गोष्टी सांगत होते. आम्ही बायका दुसऱ्या बाजूला बसलो होतो, आमच्याकडंही सांगण्यासारखं होतं. गोजरकाकू महिनाभर मळ्याकडं फिरकल्या नाहीत. मग एके दिवशी दुपारी तीन वाजता किल्ली कमरेला लावून स्वतःच पुढं चालायला लागल्या.

यंदा कालव्याचं आवर्तन लांबलं आणि मार्चमध्येच विहीर पार तळाशी गेली. तेव्हापासून आम्ही कालव्याच्या भरावावरून रोज संध्याकाळी चालतो, वाडीपासून पुलापर्यंत आणि परत. पोहण्याची मजा त्यात नाही. लिंबाखालची जागा रिकामी दिसते म्हणून काही जणी मळ्याच्या बाजूनं जायला नको म्हणतात, मला उलट तिकडूनच जावंसं वाटतं. पाणी आलं की पुन्हा सुरू करू असं ठरलंय. मागच्या आठवड्यात पलीकडच्या वाडीतल्या बायकांनी राजेश्वरीला बोलावणं पाठवलं, त्यांच्याकडं एका विहिरीला अजून पाणी आहे आणि त्यांना शिकायचंय. ती दिशाला घेऊन गेली. मलाही जायचं होतं, पण त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं.